कोणाला देऊ नये

४ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांनी आज वर बोलावून नव्या नियमांचं बाड हातात ठेवलं. म्हणाले, "बाई, हे तुमच्याशिवाय कोणाच्या डोक्यात शिरायचं नाही." एकोणीस वर्षं हॉस्पिटलच्या रेकॉर्ड खोलीत धूळ खाल्ल्यावर एवढं कौतुक व्हायला हरकत नाही. अंमलबजावणीतल्या अडचणी रोज टिपून ठेवा, असंही सांगितलं. ती ऑफिसची वही वेगळी. ही माझी. हे गेल्यापासून संध्याकाळी बोलायला घरात कोणी नाही, तेव्हा वहीशी बोलावं म्हणते.

बाडाचा सारांश असा. आजवर कायद्याच्या लेखी माहिती होती ती जिवंत माणसाची. माणूस गेला की त्याला काय झालं होतं, त्याने डॉक्टरला काय काय सांगितलं होतं, याला वाली नव्हता. आमच्या हॉस्पिटलचे स्वतःचे नियम होते म्हणून आमच्याकडे तेवढी अब्रू राखली जायची. एक तारखेपासून कायदाच झाला. भरती होताना रुग्ण नमुना सात भरतो. रकाना एक: माझ्या मृत्यूनंतर माझी माहिती कोणाला द्यावी. रकाना दोन: कोणाला देऊ नये, आणि का. तीन वर्षं आम्ही तो भरून घेतोय आणि फाईलच्या तळाशी कोंबतोय. आता तो बंधनकारक. रकाना एकमध्ये ज्याचं नाव, फाईल त्याची. बाकीच्यांनी, मग बायको असो की मुलगा, त्याची लेखी संमती आणायची. नमुना सात भरलेलाच नसेल, तर सगळ्या वारसांच्या मूळ सह्या हव्यात.

म्हणजे मी इतकी वर्षं जे करत होते त्यालाच आता कायद्याचा शिक्का बसला. लोक मला खडूस म्हणायचे. म्हणोत.

७ फेब्रुवारी

आज सगळ्यांना नियम समजावून सांगितले. माझी चौकटही दाखवली. अकरा वर्षांपूर्वी मी ती सुरू केली. शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा, त्याला मधे एक खाच. हे तेव्हा नवा शर्ट घालून समोर बसले होते, त्यांनीच ब्लेडने सरळ रेषेत कापून दिली, माझ्या हातून वाकडी होत होती. अर्जावर ही चौकट ठेवली की नाव, नातं, पत्ता सगळं झाकलं जातं. दिसतो फक्त फाईलचा नंबर आणि खालची कागदांची यादी. अर्ज घेणाऱ्या खिडकीवालीने कागद तपासून यादीत खुणा केलेल्या असतात. खुणा पूर्ण असतील तर मंजूर, नसतील तर परत. ओळखीचा की परका, रडतोय की ओरडतोय, प्रश्नच येत नाही.

खिडकीवालीने विचारलं, "बाई, रकाना दोनमध्ये लोक काहीच लिहीत नाहीत. मग?"

"रकाना मोकळा ठेवायचा नाही. कोणाला वगळायचं नसेल तर आडवी रेघ मारून घ्यायची. मोकळ्या जागेत उद्या कोणीही काहीही लिहील."

कुलूपकाका मागे उभे राहून ऐकत होते. फाईलींच्या खोलीच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात, आणि निवृत्तीला वर्ष उरलंय. ते म्हणाले, "बाई, एखाद्या वेळी चौकट बाजूला करून बघावं माणसानं." सगळे हसले. मीही हसले. काकांना माणसांची हौस फार, म्हणून तर ते किल्ल्यांवर राहिले आणि मी टेबलावर आले.

१२ फेब्रुवारी

फाईल ६१४८ चा अर्ज दुसऱ्यांदा परत पाठवला. पहिल्या वेळी नमुना सातची पावती नव्हती. यावेळी पावती आली, तर नात्याच्या दाखल्यासमोर खूण नाही. मागे पत्र टाचलं होतं. अशी पत्रं मी वाचत नाही. पत्र हा अर्जाचा भाग नाही, आणि एकाचं वाचलं की सगळ्यांचं वाचावं लागतं. खिडकीवाली घुटमळली. म्हणाली, "बाई, या अर्जाला जरा घाई आहे बहुतेक." मी म्हटलं, घाई प्रत्येकालाच असते.

लेकीचा फोन आला. ती तिच्या नोकरीच्या गावी, मी इथे. आठवड्यातून दोनदा बोलतो. आवाज थकलेला वाटला. म्हणाली, "आई, गेलेल्या माणसाची फाईल मिळायला साधारण किती दिवस लागतात गं?"

"कोणाची हवीय?"

"माझ्या एका मैत्रिणीला. तिच्या वडिलांची."

"कागद पूर्ण असतील तर सात दिवस. पण लोक पूर्ण आणतच नाहीत ना. मग आमच्या नावाने बोटं मोडतात."

ती म्हणाली, "हं. सांगते तिला." तिने माझ्या कामाबद्दल आपणहून विचारलं याचा मला आनंद झाला. लहानपणी म्हणायची, आईचं ऑफिस म्हणजे भुतांची शाळा.

१९ फेब्रुवारी

६१४८ पूर्ण झाला. मंजूर केला. त्या बाईने की बुवाने तीन आठवडे घालवले, चूक त्यांची. प्रती पोस्टाने पाठवायच्या आहेत.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

आज अक्षर वाईट येईल.

नव्या नियमात एक कलम आहे: मंजूर झालेल्या अर्जांची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये नावासकट करायची. त्यामुळे चौकट काढावीच लागते. आज या महिन्याचे अर्ज घेऊन बसले. सहावा अर्ज ६१४८. चौकट नव्हती, म्हणून नाव वाचलं. ह्यांचं नाव होतं.

ह्यांच्या फाईलचा नंबर मला माहीत नव्हता. गेल्या जूनमध्ये हे गेले तेव्हा मीच साहेबांना सांगितलं होतं, ती फाईल माझ्या टेबलावरून जायला नको, दुसऱ्या कोणाकडून लावून घ्या. आठ महिने त्या कपाटासमोरून रोज जाते आणि एकदाही हात लावला नाही. त्याचा मला अभिमान होता, हे इथे लिहायला लाज वाटते.

अर्जदार: मुलगी. माझी लेक. मैत्रीण नाही आणि मैत्रिणीचे वडील नाहीत. सोबत नमुना सात, ह्यांच्या हातचा, ते ठळक उभं अक्षर. रकाना एक: लेकीचं नाव. रकाना दोन, कोणाला देऊ नये: पत्नी. कारण: आईच्या फाईलचा उल्लेख आत आहे.

पत्नी. माझं नावसुद्धा नाही लिहिलं. भरती झाले त्या दिवशी मी त्यांच्या खाटेशी बसून होते. फॉर्म आला तेव्हा म्हणाले, "जरा पाणी आणतेस का?" मी पाण्याला गेले आणि त्यांनी हे लिहिलं.

२७ फेब्रुवारी

रात्रभर विचार करून उलगडलं. सासूबाई गेल्या त्याला नऊ वर्षं झाली. याच हॉस्पिटलात, अचानक. हृदय बंद पडलं एवढंच आम्हाला सांगितलं होतं. त्यानंतर काही महिन्यांनी हे जेवताना म्हणाले, "छातीत जरा जड वाटतं म्हणून डॉक्टरकडे गेलो होतो. ते विचारत होते, आई नेमकी कशाने गेली. तू फाईल बघून सांगशील?" मी म्हटलं, मी अशी फाईल उघडली तर मला घरी बसवतील, आणि तेच बरोबर होईल. रीतसर अर्ज करा. हे म्हणाले, "बरं." विषय पुन्हा निघाला नाही. मला वाटलं, मिटला.

मिटला नव्हता. नऊ वर्षं मनात डूख धरून बसले होते आणि जाताना हिशेब चुकता केला: तू मला आईची दाखवली नाहीस, मी तुला माझी दाखवत नाही. तेवीस वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसाने असं वागावं? माझ्याशी भांडले असते तर मी समजले असते. हे तर हसून पाणी मागायचे आणि पाठीमागे माझं नाव खोडायचे.

कुलूपकाकांना माहीत होतं. आज त्यांना कोपऱ्यात गाठलं.

"काका, ६१४८ कोणाची, ते तुम्हाला ठाऊक होतं?"

"फाईल मीच काढून दिली, बाई."

"मग बोलला का नाहीत?"

"एकाची माहिती दुसऱ्याला सांगायची नाही, तुमचाच नियम." मग खाली बघून म्हणाले, "आणि साहेबांनी, म्हणजे तुमच्या घरच्या साहेबांनी, भरती असताना मला सांगितलं होतं. तिला कळू देऊ नका म्हणून."

म्हणजे सगळ्यांना माहीत. माझ्याच खोलीत, माझ्याच टेबलावरून, माझ्याच हाताने. आजवर इतकं अपमानित कधी वाटलं नव्हतं.

२८ फेब्रुवारी

लेकीला फोन केला. खरं तर ओरडायला केला होता.

"तुझ्या मैत्रिणीचं काम झालं का?"

ती म्हणाली, "कळलं तुला."

"माझ्या सहीने गेली फाईल. मला मूर्ख बनवलंत दोघांनी मिळून."

"आई, तू दोनदा परत पाठवलास अर्ज. मी पत्र जोडलं होतं. माझी तपासणी थांबली होती त्या फाईलसाठी."

"कसली तपासणी?"

तेव्हा तिने सांगितलं. ह्यांच्या छातीतली मोठी रक्तवाहिनी फाटली होती, हे मला माहीत होतं. वयामुळे, असं हे मला म्हणाले होते. ते वयामुळे नव्हतं. ते घराण्यात चालत येऊ शकतं. लेकीला दोन महिन्यांपासून धाप लागते. तिच्या डॉक्टरांना वडिलांचे कागद हवे होते. कागद आले, आणि त्यात लिहिलंय: रुग्णाच्या आईचा इतिहास, नोंद उपलब्ध नाही. आता आजीची फाईल हवी.

माझ्या तोंडातून निघालं ते हेच: "मला सांगायला काय झालं होतं?"

"बाबांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं. म्हणाले, आईला यातलं काही कळू देऊ नको."

"का?"

"ते मी नाही सांगणार."

मी फोन ठेवून दिला. लेकीची काळजी आणि लेकीचा राग एकाच वेळी करता येतो हे मला माहीत नव्हतं. नवऱ्याने फसवलं ते एक वेळ गिळेन, तो गेलाय, त्याच्याशी भांडताही येत नाही. पण पोटची पोर? तिला ताप आला की मी तीन तीन दिवस रजा टाकायचे. ती आता आजार लपवते आणि तोंडावर सांगते, नाही सांगणार.

३ मार्च

वन्संचा फोन. ह्यांची थोरली बहीण, फटकळ. म्हणाल्या, "अगं, आईच्या फाईलचा अर्ज येईल तुझ्याकडे. माझी सही यावेळी मूळ पाठवलीय हो, झेरॉक्स नाही."

त्यांनाही माझ्या नियमांची थट्टा सुचते. मी म्हटलं, "वन्सं, तुम्हालाही सगळं माहीत होतं का?"

"मला माझ्या भावाचं माहीत होतं." मग आवाज जरा उतरला. "तू जेवतेस ना वेळेवर?"

ह्या घरातले सगळे जण आतून एक झालेत आणि मला जेवणाचं विचारतायत.

६ मार्च, बुधवार

अर्ज आला. सासूबाईंची फाईल, नंबर १९०२. त्यांच्या वेळी नमुना सात नव्हता, म्हणून वारसांच्या सह्या. चौकट ठेवली. सवयीने ठेवली. खाचेत दिसलं: एकूण वारस, तीन. मूळ सह्या, दोन.

अपूर्ण. परत.

लेखणी टेकवली होती. मग लक्षात आलं, तिसरी वारस कोण. मुलगा गेला की त्याच्या जागी त्याची मुलगी आणि त्याची बायको येते. ही ओळ माझी होती. लेकीने ती मोकळी सोडून अर्ज पोस्टात टाकला होता. सही कर, असं सांगायला फोनही केला नव्हता. चौकट उचलून बाजूला ठेवली आणि सही केली. खिडकीवाली बघत होती.

फाईल काढायला काकांबरोबर स्वतः गेले. आता मी वारस आहे, सह्या तीन आहेत, मला उघडायचा हक्क आहे. शेवटून तिसऱ्या पानावर शवविच्छेदनाचा निष्कर्ष होता. रक्तवाहिनी फाटून मृत्यू. खाली एक ओळ: आनुवंशिक असण्याची शक्यता, मुलांची तपासणी करून घ्यावी. ती ओळ नऊ वर्षं माझ्या टेबलापासून वीस पावलांवर होती.

आणि शेवटचं पान म्हणजे एक जुना अर्ज. ह्यांचा. ठळक उभं अक्षर. एकूण वारस, दोन. मूळ सह्या, एक. झेरॉक्स, एक, वन्सं तेव्हा परगावी होत्या. खाली तांबड्या शाईत शेरा: झेरॉक्स सही ग्राह्य नाही. परत. त्याखाली माझी आद्याक्षरं.

मला तो अर्ज आठवतसुद्धा नाही. आठवणार कसा, त्यावर चौकट होती.

काका दाराशी होते. मी विचारलं, "हे स्वतः आले होते?"

"खिडकीशी उभे होते अर्धा तास. अर्ज परत आला तेव्हा मी म्हटलं, बाई आत आहेत, हाक मारू का? म्हणाले, नको, कामात आहे ती." काकांनी किल्ल्या खिशात घातल्या. "हसले. म्हणाले, चौकट मीच कापून दिलीय."

मी ते पान पुन्हा वाचलं.

आईच्या फाईलचा उल्लेख आत आहे. म्हणजे हे. हा माझा शेरा मला दिसू नये म्हणून.

७ मार्च

आज प्रती काढायच्या होत्या. शेवटचं पान काढून घेतलं असतं तर कोणाला कळलं नसतं. पानांवर नंबर नाहीत, नंबर मीच घालायचे असतात. लेकीच्या डॉक्टरांना त्या पानाचा उपयोगही नाही. हे असते तर त्यांनीच मला सांगितलं असतं, काढ ते. लेकीला हे आधीच ठाऊक असेल का? ते मी नाही सांगणार, म्हणाली होती. बहुतेक ठाऊक आहे.

दुपारपर्यंत ते पान वेगळं ठेवलं होतं, ड्रॉवरमध्ये. मग नंबर घातले. एकतीस पानं. एकतिसावं पान ते.

मला ह्यांचा राग अजून येतो, आणि तो खरा आहे. वन्सं आल्यावर दुसरा अर्ज का नाही केला? घरी येऊन अर्ज माझ्या तोंडावर का नाही फेकला? एकदा आरडाओरडा केला असता, चार दिवस अबोला धरला असता, तर मी घाबरून कदाचित आतून रदबदली केली असती. की नसती केली? त्यांनी मला ती संधीच दिली नाही. माझी लाज राखायला स्वतःचा जीव पणाला लावायचा, हे कोणी सांगितलं होतं त्यांना? याला प्रेम म्हणत असतील तर म्हणोत, मला फसवल्यासारखंच वाटतं.

१८ मार्च, सोमवार

लेकीच्या गावी आले, रजा टाकून. येते म्हटल्यावर तिने नको म्हटलं नाही. ये म्हणाली असंही नाही. तिच्या हॉस्पिटलात वन्सं आमच्या आधी येऊन बसल्या होत्या.

डॉक्टरांनी कागद समोर ठेवून समजावलं. रक्तवाहिनी रुंद झाली आहे, पण अजून फाटायच्या बेताला नाही. आजीची नोंद मिळाल्यामुळे निदान पक्कं झालं. औषध लगेच सुरू, दोन दिवस निरीक्षणाखाली, मग दर सहा महिन्यांनी तपासणी. वेळेवर आलात, म्हणाले. वन्संनी माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला नाही.

मग भरतीची खिडकी. आयुष्यात पहिल्यांदा मी काचेच्या या बाजूला उभी होते. आतल्या मुलीने वर न बघता कागद सरकवला, नमुना सात. आता सगळीकडे हाच आहे.

लेक बाकावर बसून भरू लागली. मी मान फिरवली. दुसऱ्याचा फॉर्म बघायचा नाही, एकोणीस वर्षांची सवय.

"आई, पाणी हवंय का तुला?" तिने विचारलं.

"नको. मी कुठे जात नाही."

जरा वेळाने तिने कागद माझ्यापुढे धरला. "बघ बरोबर आहे का."

रकाना एकमध्ये आत्याचं नाव होतं. वाचून काय वाटलं ते तोंडावर दिसू नये म्हणून मी पुढे वाचत राहिले. रकाना दोन मोकळा होता.

"हा मोकळा ठेवायचा नाही," मी म्हटलं. "कोणाला वगळायचं नसेल तर आडवी रेघ मारायची."

लेकीने माझ्याकडे बघितलं. मग पेन घेऊन रेघ मारली.